इंडिकेटर घाईघाईत टिकटिकतोय? मग गाडी बाजूला घ्या आणि खाली उतरून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हायवेला जुन्या गाड्यांचे निम्मे दिवे बंद असतात, वळताना साइड दाखवत नाहीत, असल्या गाड्या सरळ भंगारात काढा. पत्रातला पहिला भाग खराय, मी स्वतः रोज बघतो. पण भंगारात काढा हे वाचून मला राहवेना म्हणून लिहायला बसलो, कारण ज्या दोषासाठी ते गाडी भंगारात काढायला सांगतायत तो दोष बऱ्याच वेळा वीस-तीस रुपयांचा असतो आणि घरच्या अंगणात स्क्रू ड्रायव्हर घेऊन अर्ध्या तासात निघतो. हे लोकांना कोणी सांगतच नाही.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. कराडहून पाटणला जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव आहे. गाडी २००३ ची मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ ला बनायची बंद झाली, पण आमच्या तालुक्यात अजून कितीतरी घरांत तीच दवाखान्याला नेते, तीच लग्नाला नेते. पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५००० झाली, वरून पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून जो माणूस जुनी गाडी ठेवतो तो हौसेने ठेवत नाही, त्याला दुसरी परवडत नाही म्हणून ठेवतो. त्याला गॅरेजवाल्याने चार हजार सांगितले की तो काय करतो, इंडिकेटर तसाच ठेवतो आणि देवाचं नाव घेऊन वळतो.

मी पण तेच केलं होतं. गेल्या श्रावणातली गोष्ट. लेक चिपळूणला दिली आहे, तिच्याकडून कुंभार्ली घाट चढून येत होतो, संध्याकाळचे सात वाजले असतील, पाऊस भुरभुर. गावच्या फाट्याला उजवीकडे वळायचं म्हणून मी इंडिकेटर दिला, स्पीड कमी केला, आत डॅशबोर्डवर हिरवा बाण लुकलुकतोय, आवाज येतोय, मी निवांत वळायला लागलो आणि मागून एक मोटरसायकल उजवीकडून ओव्हरटेक करत आली. पोराने कसाबसा ब्रेक मारला, गाडी घसरली, कोपर आणि गुडघा सोलपटला. देवाची कृपा समोरून काही येत नव्हतं. उठून मला म्हणाला, काका साइड तरी दाखवायची ना. मी म्हटलं दाखवली होती रे बाबा. मग आम्ही दोघं गाडीच्या मागे जाऊन उभे राहिलो, नातवाला आत इंडिकेटर द्यायला सांगितलं, तर पुढचा उजवा दिवा पेटत होता आणि मागचा उजवा ठार बंद. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगतो. उजवीकडचा इंडिकेटर महिनाभर डावीकडच्यापेक्षा जलद वाजत होता. टिक टिक टिक टिक, दुप्पट घाईत. मला ऐकू येत होतं. सौ. दोनदा म्हणाली पण, की हा आवाज वेगळा येतोय. मी म्हटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. नंतर कळलं की तो आवाज म्हणजेच गाडी सांगत होती की एक बल्ब गेलाय.

ते कसं, ते सांगतो, कारण हे एक जरी वाचकांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. इंडिकेटर चालू-बंद करायचं काम एक छोटी डबी करते, तिला फ्लॅशर म्हणतात. इंडिकेटरचा मोठा बल्ब १२ व्होल्ट २१ वॉटचा. एका बाजूला पुढचा एक आणि मागचा एक असे दोन, म्हणजे ४२ वॉट, साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट. कुठे साइडला बारका ५ वॉटचा असतो तो वेगळा. यातला एक मोठा बल्ब गेला की करंट निम्म्यावर येतो, आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असा बनवलेलाच असतो की करंट कमी झाला की त्याने जोरात लुकलुकायचं, म्हणजे ड्रायव्हरला सीटवर बसल्या बसल्या कळावं. कायद्याने मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकलं पाहिजे. नातवाने घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणले, माझी डावी बाजू ८४ आणि उजवी १६० च्या वर. एवढी सोपी तपासणी आहे, शाळेतलं पोर करतं. अगदी जुन्या गाड्यांत तापणाऱ्या पट्टीचे फ्लॅशर असतात, त्यात उलटं होतं, बल्ब गेला की दिवा हळू लुकलुकतो नाहीतर नुसता पेटून राहतो. थोडक्यात काय, दोन बाजूंचा ठेका वेगळा ऐकू आला की खाली उतरायचं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला गेलो. नाव लिहीत नाही. गाडीला हात न लावता सांगितलं, मास्तर वायरिंग कुजलंय, मागचं पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलावं लागेल, चार हजार दोनशे. मी परत आलो. आमच्या आळीत एसटीच्या आगारातून रिटायर झालेले एक इलेक्ट्रिशियन आहेत, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. त्यांना सहज बोललो तर म्हणाले, मास्तर आधी काच तर उघडू, मग कुजलंय का टिकलंय ते बघू.

पुढचं सगळं आण्णांनी शिकवलेलं आहे, मी फक्त लिहून काढतोय. आधी बॉनेट उघडून दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. मग मागचा दिवा. बहुतेक जुन्या गाड्यांत एक तर काचेचे स्टार स्क्रू बाहेरूनच असतात, नाहीतर डिकीतून मागच्या बाजूने होल्डर हाताने फिरवला की बल्बासकट बाहेर येतो. बल्ब दाबून थोडा फिरवला की सुटतो. उजेडात धरला, फिलामेंट तुटलेली दिसली, काचेला आतून काळपट डाग. नवीन बल्ब वीस रुपयांना आला. बल्ब आणताना जुना खिशात घालूनच जा, कारण एका टिपक्याचा आणि दोन टिपक्यांचा बल्ब वेगवेगळा असतो, ब्रेक आणि टेललाइटचा जो २१/५ वॉटचा येतो त्याला खाली दोन टिपके असतात आणि इंडिकेटरच्याला एकच. एकाच्या जागी दुसरा दामटून बसवला की भलतंच काहीतरी पेटायला लागतं. आणि काच नारिंगी असेल तर साधा पांढरा बल्ब, काच पांढरी असेल नाहीतर उन्हाने उडून पांढरट झाली असेल तर नारिंगी बल्ब घ्यायचा, पण त्यातल्या चांगल्या नारिंगी बल्बच्या बाजूच्या पिना समोरासमोर नसतात, त्यामुळे साध्या होल्डरात बसत नाहीत, हे दुकानातच बघून घ्यावं. रंग फासलेले स्वस्तातले मिळतात त्यांचा रंग काही दिवसांत उडतो आणि मागून पांढरा दिवा लुकलुकताना दिसतो, तो चालत नाही.

वीस रुपयांचा बल्ब घातला, बॅटरीची वायर जोडली, पेटला, मी खूश. आण्णा म्हणाले थांबा, आता ब्रेक दाबा. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद झाला आणि इंडिकेटरबरोबर टेललाइट पण लुकलुकायला लागला. असं दिसलं की वाचकांनी समजून जावं की अर्थ (म्हणजे अर्थिंग) गेलाय. दिव्यात आलेल्या करंटला गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायचं असतं, तो परतीचा रस्ता गंजाने बंद झाला की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो, म्हणून एकाबरोबर दुसराच पेटतो. गॅरेजवाल्याला जे कुजलेलं वायरिंग वाटलं ते हेच होतं बहुतेक. त्या दिव्याची काळी वायर डिकीत पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली होती, स्क्रू काढला तर खाली गंजाचा पापुद्रा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरचं टोक कापून नवीन गोल लग, म्हणजे स्क्रूत अडकवायची कडी, लावला, घट्ट आवळलं, वरून ग्रीस. झालं काम. सगळा खर्च चाळीस रुपयांच्या आत, आण्णांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

अर्थचीच भानगड आहे की दुसरं काही, याची खात्री करायची युक्ती पण लिहून ठेवतो. दीड एमएमची लांब वायर घ्यायची, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं टोक होल्डरच्या अर्थच्या पट्टीला टेकवायचं, अर्थात यावेळी बॅटरीची वायर परत जोडलेली पाहिजे. दिवा एकदम लख्ख झाला की दोष अर्थचाच, बाकी वायरिंगला हात लावू नका. माझ्यासारख्याला वाटतं की मल्टीमीटर पाहिजे. आण्णांचं म्हणणं वेगळं, आणि मला ते पटलं. वायर आतून तुटून एखादा धागा जरी चिकटून राहिला तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही, आणि आपण म्हणतो वायर चांगली आहे. त्यापेक्षा इंडिकेटरचाच २१ वॉटचा जुना चालू बल्ब घ्यायचा, त्याला दोन वायरी आणि एक क्लिप लावायची, हाच टेस्ट लॅम्प. तो फुल पेटला तर वायर खरंच चांगली, पिवळसर मंद पेटला तर वाटेत कुठेतरी खाल्लेली आहे. एसटीच्या आगारात आयुष्य काढलेल्या माणसाचा हा शब्द आहे.

आता दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदमच बंद असतील तर चारही बल्ब एका दिवशी जात नाहीत हे ध्यानात घ्या. आधी फ्यूज बघा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, ज्या रंगाचा होता त्याच रंगाचा घाला. मी हात जोडून सांगतो, फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, फ्यूज दोन-चार रुपयांचा आहे आणि तो जळतो म्हणून वायरिंग जळत नाही. फ्यूज बरा असेल तर हॅझर्ड लावून बघा, म्हणजे चारही दिवे एकदम लुकलुकतात ते बटण. बऱ्याच गाड्यांत हॅझर्डचा आणि इंडिकेटरचा फ्लॅशर एकच असतो पण फ्यूज वेगळा, म्हणून हॅझर्ड चालतंय आणि इंडिकेटर चालत नाही तर फ्लॅशर चांगला आहे, दोष इंडिकेटरच्या फ्यूजचा नाहीतर स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटरच्या दांडीचा. काहीच चालत नसेल आणि टिकटिक पण नसेल तर फ्लॅशर सॉकेटमधून उपसायचा, त्यावर बी, एल, ई अशी अक्षरं असतात नाहीतर ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे, त्यातल्या बी आणि एल च्या सॉकेटमध्ये वायरचा छोटा तुकडा घालून चावी चालू करून इंडिकेटर द्यायचा. दिवे न लुकलुकता सरळ पेटले की फ्लॅशर मेलाय, शंभर-सव्वाशेला नवा येतो, उपसला आणि खुपसला. मी माझा नाही बदलला, शेजारच्यांच्या ओम्नीचा बदलला, पाच मिनिटं लागली.

दांडी मात्र जरा नाजूक काम. आतल्या तांब्याच्या टिकल्यांवर काळी पुटं चढतात, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दांडी वीस-पंचवीस वेळा खालीवर केली की बऱ्याचदा सुधारते. प्लॅस्टिक तुटलं असेल आणि वळण झाल्यावर दांडी परत येत नसेल तर आख्खा स्विच बदलावा, तो मग काही शे रुपयांचा होतो. आणि ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहे त्यांनी स्टिअरिंग घरी बिलकुल उघडू नये, ते काम ज्याचं त्यालाच करू द्या.

चिपळूणचं सांगायचं राहिलं. २२ जुलै २०२१ चा पूर तिथल्या कोणालाच विसरता येणार नाही, वाशिष्ठीचं पाणी घराघरात. जावईबापूंची गाडी दाराशी उभी होती, मागचे दिवे पाण्याखाली गेले. इंजिनचं काम त्यांनी करून घेतलं पण दिव्यांकडे कोणी बघितलं नाही, आणि दोन वर्षांनी इंडिकेटर कधी लागायचा कधी नाही, डिकी आपटली की लागायचा. काच काढली तर आत अजून पुराचा बारीक गाळ बसलेला, होल्डर हिरवागार. तो आम्ही व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने घासला, साध्या पाण्याने धुतला, एक दिवस उन्हात वाळवला आणि मग व्हॅसलिनचा हलका हात फिरवला. एका होल्डरची स्प्रिंगच गंजून गेली होती, तो जुन्या गाड्या तोडतात तिथून आणला. वायर सोलली तर आतलं तांबं काळं पडलेलं, काळ्या तारेला नवा जोड टिकत नाही, म्हणून आतला लाल तांब्याचा रंग दिसेपर्यंत मागे मागे कापत गेलो, चार इंच गेले. कोकणात खाऱ्या हवेनं हे तसंही लवकर होतं, पूर नसला तरी. काचेचं रबर पॅकिंग कडक झालं असेल तर बदलावं, नाहीतर पातळ सिलिकॉन लावावं, पण खालचं पाणी जायचं बारकं भोक बुजवू नये. लोक नेमकं तेच बुजवतात आणि मग दिव्यात पाणी साठतं, काचेच्या पेल्यासारखं.

एलईडी बल्बाबद्दल पण लिहितो, कारण तरुण पोरं हौसेने घालतात. माझ्या भाच्याने घातले, लगेच जलद लुकलुकायला लागले, कारण एलईडी करंटच कमी घेतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. दुकानदाराने वर एक रेझिस्टर विकला, तो चालू असताना इस्त्रीसारखा तापतो, त्याच्या शेजारचं प्लॅस्टिक वितळलं. साधा बल्ब वीस रुपयांना मिळतोय, माझं तर मत आहे जुन्या गाडीत तोच ठेवावा. म्हणजे बल्ब गेला की आवाजाने कळायची सोय पण शाबूत राहते.

घाटात धुकं असलं की लोक हॅझर्ड लावून गाडी चालवतात ते कृपा करून बंद करा. हॅझर्ड चालू असताना तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे ते मागच्याला कळतच नाही, चारही दिवे लुकलुकतायत. कुंभार्लीच्या वळणांवर मी हे पावसाळाभर बघतो आणि जीव मुठीत धरतो. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा, टेललाइट आपोआप पेटतो, आणि इंडिकेटर वळायच्या वेळेला वापरा.

गॅरेजवाल्या बांधवांवर माझा राग नाही. त्यांना वीस रुपयांच्या बल्बात काही मिळत नाही हे मला कळतं. पण बल्ब बदलायचे पन्नास रुपये मजुरी घ्या की, लोक आनंदाने देतील, हार्नेस सांगून माणसाला घाबरवून परत पाठवू नका, तो परत गेला की दिवा बंदच राहतो आणि तुमच्याच गावातलं कोणाचंतरी पोर मोटरसायकलवरून त्याच्या मागे असतं. आणि दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो, उसाच्या दोन दोन ट्रॉल्या रात्रीच्या जातात, मागे एकही दिवा नाही. ट्रॉलीला पण हेच १२ व्होल्टचे बल्ब, हाच अर्थचा दोष, फक्त ट्रॅक्टरला जोडायची पिन रोज चिखलात पडते म्हणून लवकर खराब होते. ती साफ करायला दहा मिनिटं लागतात. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉल्या तासन् तास उभ्या असतात, तेवढ्या वेळात होण्यासारखं काम आहे.

संपादक साहेब, आपण पावसाळ्याच्या तोंडावर यातलं जमेल तेवढं छापावं ही विनंती. आपला पेपर आमच्याकडे सलूनपासून दूध डेअरीपर्यंत वाचला जातो.

मागच्या रविवारी आण्णा आणि मी आळीतल्या सहा गाड्या देवळासमोर उभ्या करून बघितल्या. चार गाड्यांत काही ना काही निघालं, दोन बल्ब, एक अर्थ, आणि एका व्हॅनचा स्टिअरिंगचा स्विच. बाकीचं दुपारच्या जेवणाआधी उरकलं, स्विच तेवढा कराडहून आणायचाय, दुकानदाराने गुरुवारी या म्हणून सांगितलंय. तोवर आण्णांनी त्या व्हॅनवाल्या पोराला बजावलंय की अंधार पडल्यावर गाडी दारातून हलवायची नाही, आणि दिवसा फाट्यावर वळताना काच खाली करून उजवा हात पूर्ण बाहेर काढायचा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. कराड, जि. सातारा